कामाचं पोरगं

मार्च सरत आला की अमरावतीत घरोघरचे कूलर झाकणाखालून बाहेर निघतात. गल्लीत हातगाडीवर ताट्या रचून एक माणूस फिरतो. जुन्या, काळवंडलेल्या ताट्या निघतात, नव्या बसतात, आणि त्यांच्यावर पहिलं पाणी पडलं की वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरतो. त्या वासानं लोकांना सरबत आठवतं, आजोळ आठवतं, दुपारची गाढ झोप आठवते. मला गोळीबार आठवतो. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. आमचे हे बडनेऱ्याला रेल्वेत आहेत, दिवसभर ऊन खाऊन येतात, आणि ऊन आपल्या नाही तर बायकोच्या डोक्यात गेलंय असं म्हणायला त्यांना कारणच हवं असतं.

यंदाही ताट्या बदलल्या आणि त्याच दुपारी लेक पडदे ओढून टीव्हीसमोर बसली. तिला युद्धाचे सिनेमे फार आवडतात. कुठल्या सिनेमाला किती तारे, कुठला कोणत्या लढाईवरचा, कोणाचा गणवेश चुकलेला, सगळं तिला पाठ असतं. मध्येच तिनं विचारलं, तुझा आवडता कोणता गं? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला एकाही सिनेमाचं नाव सांगता येत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, नावं-गावं लक्षात ठेवणं हा माझा धंदाच आहे, पण ज्या सिनेमांवर मी अख्खे उन्हाळे काढले त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.

आमच्या घरात सिनेमाला नाव नसे. बाळापूरच्या पलीकडे, मन नदीच्या अंगाला आमचं गाव. बाबांचा मळा फुलांचा आणि भाजीचा. हिवाळ्यात शेवंती, दसरा-दिवाळीला झेंडू, उन्हाळ्यात मोगरा आणि जिवापाड पाणी देऊन जगवलेली गवार-भेंडी. पहाटे माल अकोल्याला जायचा, दुपारी बाबा परत यायचे, जेवायचे, आणि कूलरसमोर चटईवर आडवे होऊन म्हणायचे, लाव व काही लढाईचं. तोवर सिनेमा अर्धा झालेला असे. नाव पडद्यावर केव्हाच येऊन गेलेलं. मग आम्हीच नाव ठेवायचो. एक पूलवाला, एक उंटवाला, एक लंगड्या सायबाचा, एक बर्फाचा, आणि एक नुसताच मोठा बर्फाचा. शेवटही आम्हाला फारसे ठाऊक नव्हते. शत्रू टेकडी चढू लागला आणि आपले लोक शेवटच्या गोळ्या मोजू लागले की नेमकी लाइन जायची. कूलर घरघरत थांबायचा, पडदा काळा व्हायचा, आणि बाबा महावितरणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मळ्याकडे निघायचे. त्या सिनेमांतली अर्धी युद्धं आमच्यापुरती अजून चालूच आहेत.

बाबा सिनेमा शेतकऱ्यासारखा बघत. जवान खंदक खोदू लागले की यांना राहवायचं नाही. माती कोणीकडे टाकून राहिले हे, बांध तरी नीट घाला, पहिल्या पाण्यात सारं अंदर येईन. रणगाडा उभ्या पिकातून गेला की त्यांना शत्रूपेक्षा त्या ज्वारीची हळहळ जास्त. आई वेगळी. ती समोर काहीतरी निवडत-चिरत बसलेली असायची, तिला लढाईत रस नव्हता, तिचा प्रश्न एकच, हे पोरं जेवले कवा? आणि परवाच्या सिनेमात धारातीर्थी पडलेला नट आजच्या सिनेमात हसत बसमधून उतरला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

कारण आमचा दादा फौजेत होता. गजानन त्याचं नाव, घरी गजू. आमच्या घरातल्या युद्धपटांच्या वेडाची सगळी मेख तिथेच होती. दादा कुठे आहे, कसा आहे, हे तो सांगत नसे, सांगायला त्याला परवानगीही नसावी. फोनवर त्याचं एकच वाक्य, इकडं सगळं बराबर हाये. मग बाबा त्याचं न सांगितलेलं सगळं पडद्यावर शोधायचे.

एका उन्हाळ्यात तो फौजेतल्या जोडीदाराला घेऊन आला होता. सुरेंदर. पहाडातला, गढवालकडचा. पुण्याला दोघांचं कसलंसं शिक्षण संपलं होतं, पुढे सुटी लागली होती, आणि पहाडातली गाडी धरण्याआधी चार दिवस चाल आमच्याकडे म्हणून दादानं त्याला ओढून आणलं. बुटका, गोरा, उन्हानं लालबुंद झालेला तो मुलगा बाळापूरच्या फाट्यावर जीपमधून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर साक्षात चुलीत पडल्याचा भाव होता. पण बसून राहणं त्याला जमत नसे. आमच्या कूलरचा पंप दोन वर्षं मेलेला होता, आम्ही हातानं तांब्या-तांब्या पाणी ओतायचो. त्यानं तो खोलला, आतला गाळ काढला, वायर जोडली, आणि पाणी ताट्यांवर झरझर यायला लागलं. माळवदावर चढून डिशची छत्री फिरवली, तर ज्या वाहिनीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या तिच्यावर दिवसभर सिनेमे दिसू लागले. लढाईचे सिनेमे घरी इतके यायला लागले ते त्याच्यामुळेच.

आईला तर तो पोटच्या पोरासारखा झाला. तो माँजी म्हणायचा, आणि ही त्याच्याशी हिंदी बोलायची. आईची हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच नेसवलेलं दुसरं लुगडं. "बेटा, और लेव ना कुरडई, लाजता काहून है?" असं तिनं म्हटलं की दादा आणि मी पोट धरून हसायचो, आणि तो मात्र मान डोलवत आणखी घ्यायचा. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी त्यानं ताट टाकलं नाही. दुपारी तो आणि दादा मिळून सिनेमाची अशी टर उडवायचे की बाबांना ऐकू येईना. त्या सायबाचे केस बघ, सलाम बघ, बंदूक बघ, कधी भरतच नाही. तो गेल्यावर आई येईल त्याला सांगायची, लय कामाचं पोरगं हाये. पंप बघितला की कामाचं पोरगं, छत्री बघितली की कामाचं पोरगं. कुरडयांचा सीझन आला की त्याच्या नावाचा डबा वेगळा काढायचा हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दादा एकटा आला.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. ओसरीवर बसून तो बुटांच्या नाड्या सोडत होता, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, मी दारात. दादा वाळला होता, पण सुटीवर येताना तो वाळलेलाच असे. आईनं बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, सुरेंदर काहून नाही आला? दादानं मान वर केली नाही. म्हणाला, "तो कामी आला, माय."

"येईनच ना," आई म्हणाली. "कामाचंच पोरगं हाये ते."

दादानं वर बघितलं. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही हसत होते. मग त्यानं हात पुढे करून तांब्या घेतला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

फौजेत माणूस मेला असं म्हणत नाहीत. काम आ गया म्हणतात. इतकी वर्षं त्या बोलीत राहून दादानं ते आपल्या भाषेत आणलं आणि आईपुढे ठेवलं, आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ भलताच निघाला. आमच्याकडे कामी येतं ते जुनं दार, उरलेली तार, अडीनडीला धावून येणारा शेजारी. खरं तर बखरींच्या मराठीत लढाईत पडलेला माणूस कामासच येतो. अमुक सरदार कामास आले, तमुक शिलेदार कामास आले. मी ते त्याच साली परीक्षेसाठी वाचलं होतं, अर्थासकट. पण ओसरीवर ऊन होतं, आईच्या हातात तांब्या होता, घरात कोणी बखरीची भाषा बोलत नव्हतं, आणि मला ते सुचलं नाही.

मेला हा शब्द उच्चारायला माझी जीभच वळत नव्हती, असं दादा मला पुष्कळ वर्षांनी म्हणाला. गाडीत अकोल्यापर्यंत त्यानं ते एक वाक्य घोकलं होतं. ते एकदा बोलून टाकलं की आई रडेल, आपणही रडू, आणि मग सुटी सुरू होईल, असा त्याचा हिशेब. वाक्य बोलून झालं आणि आई हसली. दुसरं वाक्य त्यानं तयार केलेलं नव्हतं.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. कुरडयांचा गहू भिजत घातला होता, तो रोज पाणी बदलताना आईजवळ जाऊन बसायचा. माय, सुरेंदर, एवढं म्हणायचा, आणि आई लगेच म्हणायची, हो हो, त्याच्यासाठी मीठ कमीच टाकते, त्याले आपलं तिखट-मीठ सोसत नाही. ज्या दिवशी चीक शिजवला त्या दिवशी पहाटेपासून अंगणात बाजा टाकल्या, त्यांच्यावर आईची धुतलेली लुगडी. गरम चीक सोऱ्यात भरायचा आणि तो थंड व्हायच्या आत दाबायचा, हे ताकदीचं काम. ते दादाकडे. तो घाम गाळत दाबत होता आणि आई गोल वेटोळी झेलत म्हणत होती, जोर लाव जरा, सुरेंदर असता तर एका हातानं दाबलं असतं त्यानं. दादा म्हणाला, हो, दाबलं असतं. आणि दाबत राहिला. मला आज त्याच्या त्या हातांचं फार वाईट वाटतं. संध्याकाळी वाळलेल्या कुरडया आईनं उचलल्या आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र, न मोडलेल्या तेवढ्या निवडून एका ॲल्युमिनियमच्या डब्यात रचल्या. दादाची सुटी संपली की डबा त्याच्याबरोबर जायचा होता. म्हणजे त्याआधी त्याला बोलायला हवं होतं, नाही तर मेलेल्या मित्राचा खाऊ घेऊन त्याला परत जावं लागणार होतं.

दुपारी मात्र सिनेमे चालूच होते. उलट त्या उन्हाळ्यात जास्तच. पंप सुरू, ताट्या ओल्या, आणि आम्ही चौघं चटईवर. दादा भिंतीला टेकून बसायचा. आदल्या वर्षी वाक्यावाक्याला टर उडवणारा दादा आता काहीच बोलत नसे. सायबाचे केस खांद्यापर्यंत आले तरी नाही. तो जरा मऊ झालाय असं वाटून बाबांनी प्रश्नांचा सपाटा लावला. असं असते का रे, गजू? असते, बाबा. एवढा बर्फ असते? असते. रात्री शेकोटी करून असे गाणे म्हणता तुमी? म्हणतो, बाबा. सगळ्याला तो हो म्हणायचा. बाबा खूश. इतकी वर्षं पोरगं काही सांगत नव्हतं, आता सगळं कबूल करून राहिलं. मला त्यात काही खटकलं नाही. आई मधून मधून चिरणं थांबवून त्याच्याकडे बघायची, आणि पुन्हा खाली बघायची. एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, याच्या मनात लग्नाचं काही हाये का, विचारून पाह्य. मीही त्याला तसं चिडवलं. आम्ही दोघी मिळून त्याच्या दुःखाला बायको शोधत होतो.

सुटी संपत आली होती. त्या दुपारी आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती, अडकित्त्यानं, खटखट. पडद्यावर आम्ही आधी कधी न पाहिलेला एक सिनेमा होता. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. टेकडीवरची चौकी, चहूकडे धूर, आणि एक हवालदार वायरलेसवर ओरडत होता. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. तो म्हणाला, "साब, अपने लड़के काम आ गये।" कॅमेरा फिरला, जमिनीवर घोंगड्या होत्या आणि घोंगड्यांखाली माणसं.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"काय म्हणे तो?" आईनं विचारलं.

मेले म्हणते, बाबा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावर.

नाही, म्हणे काय तो, बोलला काय, आईनं पुन्हा विचारलं. बाबा जरा वैतागले. काम आ गये म्हणे, ते म्हणाले, म्हणजे मेले. फौजेत तसंच म्हणतात. सुरेंदरसोबत पाहिलेल्या सिनेमांतून त्यांना एवढी भाषा आली होती, तिचा त्यांना अभिमान होता. दादाचं ओसरीवरचं वाक्य आईनं त्यांनाही हसत सांगितलं होतं. आणि मग स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानात शिरलं असावं, कारण ते उठून बसले.

मी दादाकडे बघितलं. तो सिनेमाच बघत होता. सरळ, पापणी न हलवता. आईही त्याच्याकडे बघत होती. कोणी टीव्ही बंद केला नाही. रोज शेवटाला जाणारी लाइन त्या दिवशी गेली नाही. तो सिनेमा आम्ही पूर्ण बघितला, म्हणजे तो आमच्यासमोर पूर्ण झाला. झेंडा लागला, बिगूल वाजला, नावं वर सरकत गेली, मग तेलाची जाहिरात सुरू झाली. आईनं कैऱ्यांवर फडकं टाकलं, हात धुतले आणि ती मळ्याकडे गेली.

त्यानंतर आमच्या घरी लढाईचा सिनेमा कोणी लावला नाही. तसं ठरवलं नव्हतं, पण बाबांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. पुढे बाबा गेले. दादानं नोकरी पुरी केली, आता गावीच असतो, मळा त्याच्याकडे आहे, मोगरा बाबांपेक्षा जास्त काढतो. आई त्याच्याजवळ असते. कुरडयांचा डबा त्यानं त्या सुटीनंतर नेला. कुठे नेला, कोणाला दिला, आम्ही विचारलं नाही. मी मात्र अमरावतीत लेकीच्या शेजारी बसून हे सिनेमे बघते. आता लाइन जात नाही, सिनेमा पहिल्यापासून असतो, नावासकट, आणि शेवट झाल्याशिवाय राहत नाही. मला ते शेवट सोसत नाहीत. लेक म्हणते, आई, तू प्रत्येक वेळी शेवटाला उठून जातेस. मी म्हणते, कूलरमध्ये पाणी टाकून येते.

तो सिनेमा संपला त्या दिवशी आईच्या मागोमाग दादा मळ्यात गेला, आणि त्याच्या मागे मी. ऊन कलंडलं होतं. मोगऱ्याच्या कळ्या तोडायची तीच वेळ, रात्रभर ओल्या फडक्यात राहिल्या की पहाटे अकोल्याला जायच्या. आई ओचा खोचून कळ्या तोडत होती. दादा शेजारच्या ओळीत शिरला आणि तोही तोडायला लागला. मी बांधावर उभी राहिले. आईनं त्याला कसं झालं ते विचारलं नाही, केव्हा झालं तेही नाही. आला त्या दिवशीच नीट का नाही सांगितलंस, असंही म्हणाली नाही. तिनं विचारलं,

"गजू, त्याच्या मायले कोणं सांगतलं?"

"म्या. त्याचं सामान घेऊन मलेच धाडलं होतं."

"काय म्हणलं तुनं तिले?"

दादानं आणखी काही कळ्या तोडल्या. मग म्हणाला, "तुले म्हणलं तेच."

"अन् तिले समजलं?"

"तिची तर तेच बोली हाये, माय. म्या अर्धं बोललो अन् तिनं दाराची चौकट धरली."

आईचे हात थांबले. ती नदीकडे बघत बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, घरातल्या कामाविषयी बोलावं तसा.

"म्हणजे तिच्या घरी तो दारातच मेला," ती म्हणाली. "आपल्या घरी उन्हाळाभर राह्यला."

दादा तिथेच, मोगऱ्याच्या दोन ओळींमधल्या ओल्या मातीत, खाली बसला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा रडला.